मदत हवी आहे : पंगस माशाच्या कुशीवर पांढरा चट्टा, भाजलंय की जंतू लागलेत?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी चार फुटी टाकी आहे. तिच्यात एक पंगस (दुकानात शार्क म्हणून विकतात तो), एक सकर (काचेला चिकटणारा मासा) आणि थोडे बार्ब मासे. पंगस आता वीतभर झालाय. तो मीटरभराच्या पुढे वाढतो हे माहीत आहे, त्याची मोठ्या जागी सोय बघतोच आहे. आत्ता प्रश्न त्याच्या कातडीचा आहे.

परवा रात्री लाईट गेली आणि एकदम आली. टाकीतला दिवा लागताच तो बिथरला आणि काचेवर आपटला. नाकावरची कातडी सोलली, तिथं लालसर दिसतंय. ते भरून येईल असं वाटतं. खरी काळजी कुशीवरच्या चट्ट्याची आहे. बोटभर लांब, पांढुरका, आणि दोन्ही कडा पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ. मधली कातडी निर्जीव दिसते, एका टोकाला पातळ पापुद्रा सुटून पाण्यात हलतोय. कापसासारखे तंतू कुठंही नाहीत. थंडी पडल्यापासून तो हीटरला टेकून बसतो.

खाणं कमी झालंय, सोडलेलं नाही. कल्ले नेहमीसारखे हलतात. पाणी नळाचंच, क्लोरीन घालवायचं औषध टाकून भरतो. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास. तापमान २७.

दुकानदार म्हणतात मिथिलीन ब्लू टाका, मूठभर मीठ टाका, तापमान ३० वर न्या. माझं मन धजत नाही. पंगसला खवले नाहीत, औषध लगेच बाधतं. आणि हे कॉलमनॅरिस (माशांच्या कातडीला होणारा जिवाणूंचा रोग) निघालं तर उबेनं आणखी भडकेल. ज्यांनी असा चट्टा बघितलाय त्यांनी कृपया सांगा, थांबू की औषध सुरू करू?

प्रतिसाद, मिरजेहून :
दादा, तापमान अजिबात वाढवू नका. सरळ कडा आणि हीटरला टेकायची सवय, दोन्ही भाजल्याकडेच बोट दाखवतात. भाजलेला चट्टा आहे तेवढाच राहतो. कॉलमनॅरिस पसरतं, कडेला पिवळसर झाक येते, आणि बरेचदा तोंडापाशी नाहीतर पाठीवरच्या पराभोवती खोगिरासारखं उमटतं. म्हणून रोज सकाळी एकाच बाजूनं फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. नाकाची जखमही त्यात धरा, जंतू आधी उघड्या मांसावर बसतात.

हीटरला आजच जाळीचा गार्ड लावा. दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, नवीन पाणी टाकीतल्या इतकंच कोमट हवं. मीठ मुठीनं नको, वजनानं. लिटरला १ ग्रॅम, तेही विरघळवून हळूहळू, कारण सकरला मीठ फार सोसत नाही. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत पडलं की फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया वर चढतो. लागलंच तर वेगळ्या टबात, अर्ध्या डोसनं. टबात नेताना जाळी वापरू नका, छातीच्या परातले काटे अडकून नवी जखम होते. डब्यात पाण्यासकट उचला. आणि टाकीच्या दिव्याआधी खोलीतला दिवा लावत जा, या जातीचा मासा भित्रा असतो.

धागाकर्ता :
ताई, खूप आभार. गार्ड बसवला, मीठ मोजून घातलं. पापुद्रा गळून पडला, खालची कातडी गुलाबी आहे, कडा जिथल्या तिथं. नाकावर मात्र आज बारीक पांढुरकी साय धरल्यासारखी दिसतेय, तंतू नाहीत. टबाची वेळ आली का? आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शोभेचे मासे तपासतात का, कुणी नेऊन आणलं असेल तर सांगा. उद्या सकाळचा फोटो इथंच टाकतो.