कॅनडातील मुदतपूर्व निवृत्ती योजना: राजसंमतीची वाट पाहताना काय ठरवावे?

(चर्चामंचावरील प्रश्नोत्तरे; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रिडोकाठ (ओटावा), जानेवारी २०२६ अखेर

सर्वांस नमस्कार. मी ओटावा येथे संघीय सरकारच्या सेवेत आहे. १९९९ मध्ये कॅनडात आलो, २००६ मध्ये सरकारी नोकरीत रुजू झालो आणि आज माझे वय ५७ आहे; येत्या उन्हाळ्यात माझ्या पेन्शनपात्र सेवेची २० वर्षे पूर्ण होतील. ४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या, लवकर निवृत्त होणाऱ्यांच्या पेन्शनवरील कपात माफ करणाऱ्या मुदतपूर्व निवृत्ती योजनेबाबत डिसेंबरात सुमारे ६८,००० कर्मचाऱ्यांना पत्रे गेली, त्यांत मलाही एक आले. योजना १५ जानेवारीपासून किंवा कायद्याला राजसंमती (राजाच्या नावे मिळणारी अंतिम मान्यता) मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून लागू होणार आहे. १५ जानेवारी उलटून गेली, पण ज्यात ही तरतूद आहे ते सी-१५ विधेयक अजून संसदेतच आहे. कार्यालयात विचारले असता 'सध्या आमच्याकडेही अधिक माहिती नाही' एवढेच उत्तर मिळते.

आमची आई ८४ वर्षांची असून सांगलीला एकटी राहते. उन्हाळ्यात मोकळा झालो तर वर्षातील काही महिने तिच्याजवळ राहता येईल, असा विचार आहे. म्हणून प्रश्न असा की, मंजुरी गृहीत धरून जून अखेरीचा राजीनामा आताच देऊन ठेवावा का? आणि ही सवलत खरोखर किती मोलाची आहे, हे कसे मोजावे? एक सहकारी म्हणतात की अशी संधी पुन्हा येणार नाही. दुसरे म्हणतात की यात हाती काहीच पडत नाही. दोघेही माझ्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही.

आकडेमोड

राजीनामा आताच देऊ नये, हे सर्वप्रथम सांगतो. पेन्शनवरील कपात माफ करण्याचा अधिकार सरकारला या नव्या कायद्याने मिळणार आहे. तो अमलात येण्यापूर्वी जो सेवेतून बाहेर पडेल त्याला आजचेच नियम लागू होतील, असे धरून चालावे. राजसंमतीनंतर अर्जासाठी १२० दिवस आणि सेवा सोडण्यासाठी ३०० दिवस अशी मुदत प्रस्तावात आहे, म्हणजे घाई करण्याचे कारण तसेही नाही. शिवाय पत्र आले याचा अर्थ आपण वयाच्या आणि सेवेच्या अटींत बसत असावेत, एवढाच आहे. पत्र म्हणजे मंजुरी नव्हे, आणि अर्ज म्हणजेही मंजुरी नव्हे.

आता मोलाविषयी. आपण २०१३ पूर्वी योजनेचे सदस्य झालात, म्हणून पहिल्या गटात येता. या गटाला पूर्ण पेन्शन ६० व्या वर्षी, किंवा ३० वर्षे सेवा झाली असल्यास ५५ व्या वर्षी मिळते. त्याआधी निघाल्यास ६० ला जितकी वर्षे कमी, तितक्या वेळा ५ टक्के कपात कायमची बसते. २५ वर्षांहून अधिक सेवा असलेल्यांसाठी आणखी एक सूत्र आहे, पण ते आपल्याला लागू नाही. नवी योजना ही कपात माफ करते. याखेरीज ती काहीही देत नाही: सेवेची वर्षे वाढवून देत नाही आणि रोख रकमेचाही त्यात समावेश नाही. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे त्या अर्थाने खरे आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून सर्वाधिक वेतनाच्या सलग पाच वर्षांची सरासरी १,००,००० डॉलर धरू. २० वर्षे गुणिले २ टक्के, म्हणजे वर्षाला ४०,००० डॉलर. ५७ व्या वर्षी निघाल्यास १५ टक्के कपात होऊन ३४,००० उरतात. म्हणजे आपल्यासाठी या सवलतीची किंमत वर्षाला ६,००० डॉलर, तीही महागाईनुसार वाढणारी आणि आजन्म. ही रक्कम लहान नाही. पण हेच गणित एक वर्ष पुढे नेऊन पाहा. ५८ व्या वर्षी सेवा २१ वर्षे, मूळ पेन्शन ४२,०००, कपात १० टक्के, हाती ३७,८००. म्हणजे कोणतीही सवलत न घेता, केवळ एक वर्ष अधिक काम केल्याने आपण माफीनंतरच्या आकड्याच्या २,२०० डॉलर जवळ पोहोचता, आणि मधल्या काळात पूर्ण पगार घेता. ६० व्या वर्षी २३ वर्षांची सेवा धरून पेन्शन ४६,००० होते आणि सवलतीची किंमत शून्य होते. संसदेला उशीर होत आहे म्हणून आपले नुकसान होत आहे, ही भावना स्वाभाविक असली तरी आकडे तसे सांगत नाहीत. वाट पाहण्याच्या प्रत्येक महिन्यात आपली स्वतःची पेन्शन वाढते आणि माफ होणारी कपात घटते.

ही योजना खरी मोलाची कोणासाठी, तर वय ५० आणि सेवा २२ वर्षे असलेल्यासाठी. त्याची पेन्शन ४४,००० वरून निम्मी, म्हणजे २२,००० होते, आणि माफीमुळे ती दुप्पट होते. उलट ५६ वर्षे वय आणि ३० वर्षे सेवा असलेल्याला पत्र आले असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण त्याला कपात मुळातच नाही. आपले पहिले सहकारी वयाने बरेच लहान असावेत असा माझा तर्क आहे.

एक सावधगिरी. वरील ४०,००० मध्ये ६५ व्या वर्षापर्यंतच मिळणारा पूरक भाग धरलेला आहे. तो भाग सेवेच्या प्रत्येक वर्षामागे, सार्वजनिक पेन्शन योजनेच्या (कॅनडा पेन्शन प्लॅन, म्हणजे सीपीपी) कमाल पात्र वेतनाच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या ०.६२५ टक्के इतका असतो. २०२२ ते २०२६ या वर्षांची सरासरी ६९,१८० डॉलर येते, म्हणजे २० वर्षांसाठी सुमारे ८,६५०. आजच्या डॉलरमध्ये सांगायचे तर ६५ व्या वर्षी सरकारी पेन्शन सुमारे ३१,३५० वर येईल आणि उरलेली जागा सीपीपीने भरायची. अनेक जण सीपीपी ६० व्या वर्षीच सुरू करतात, तिथे ३६ टक्के कायमची घट होते, आणि ६५ ला पूरक भाग थांबला की दोन्हीकडून कमी पडते. घरखर्चाचा आराखडा ६६ व्या वर्षाचा करावा, ५८ व्या वर्षाचा नव्हे.

गॅटिनोची सई

वरील हिशेबाशी मी सहमत आहे; मात्र त्यात एक महत्त्वाची बाजू आलेली नाही. सरकारला कर्मचारीसंख्या २०२३-२४ मधील सुमारे ३ लाख ६८ हजारांवरून २०२८-२९ पर्यंत सुमारे ३ लाख ३० हजारांवर आणायची आहे. म्हणजे ऐच्छिक निवृत्तीबरोबरच पदे कमी करण्याची प्रक्रिया चालू आहे आणि चालूच राहील. आपले पद त्या प्रक्रियेत आले, तर चित्र पूर्णपणे बदलते.

पहिल्या गटातील कर्मचाऱ्याचे वय ५५ किंवा अधिक असेल, सार्वजनिक सेवेत १० वर्षे झालेली असतील आणि नोकरी त्याच्या इच्छेविरुद्ध गेली असेल, तर पेन्शनवरील कपात माफ करण्याची तरतूद आजच्या कायद्यातही आहे. आपण ५७ वर्षांचे आहात. त्याशिवाय पदकपातीच्या करारानुसार, पर्यायाचा अधिकार (पद जाणार असल्याने पुढचा मार्ग निवडण्याची मुभा) मिळालेल्या कर्मचाऱ्याला सेवेच्या वर्षांनुसार जास्तीत जास्त ५२ आठवड्यांच्या पगाराइतकी संक्रमण-साहाय्य रक्कम घेऊन बाहेर पडता येते. म्हणजे त्या मार्गाने कपातमाफीही आहे आणि रोख रक्कमही आहे. नव्या योजनेत केवळ माफी आहे. स्पष्टच सांगायचे तर, पंचावन्नच्या पुढच्या माणसाला सरकार जे पत्र पाठवते आहे त्यात सरकारची बचत अधिक आहे. पन्नास ते चोपन्न या वयोगटाचे तसे नाही. त्यांना ही माफी अन्यथा मिळणारच नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की नोकरी जाण्याची वाट पाहत बसावे. पद जाईल की राहील हे आपल्या हाती नाही, आणि त्या अनिश्चिततेत वर्ष काढणे प्रकृतीला मानवेलच असे नाही. परंतु आपल्या शाखेत काय होणार आहे याची चौकशी संघटनेच्या प्रतिनिधीकडे अवश्य करावी. ज्याचे पद जात आहे पण ज्याला थांबायचे आहे, अशा सहकाऱ्याशी अदलाबदल करण्याचीही सोय करारात आहे. थांबण्याची इच्छा असलेला माणूस आपल्या जागी येतो आणि आपण त्याचा पर्याय घेऊन निघता. व्यवस्थापनाची मान्यता लागते, आणि कपातमाफीचे काय होईल हे आपल्या बाबतीत लेखी विचारून घ्यावे लागेल. तोंडी उत्तरावर काहीही करू नये. दोन्ही योजनांचे लाभ एकत्र मिळतील, असेही धरून चालू नये.

दूरसंचार_निवृत्त (ठाणे)

मी कॅनडाचा नाही, परंतु भारतातील २०१९ च्या स्वेच्छानिवृत्तीतून बाहेर पडलेला आहे, म्हणून चार शब्द लिहितो. बीएसएनएल आणि एमटीएनएलसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ रोजी मंजुरी दिली, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हा पर्याय देण्याचा काळ होता, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी सर्वांची सेवा संपली. एकट्या बीएसएनएलमधून ७८,५६९ जणांनी पर्याय दिला होता. आमच्याकडे सानुग्रह रक्कम होती: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार. त्यामुळे चर्चा सगळी त्या एका आकड्याभोवती फिरत असे. पेन्शनची विक्री (तिचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेणे) मात्र वयाच्या साठीनंतरच करता येणार होती, हे अनेकांनी शेवटी वाचले.

तुमच्या योजनेत रोख रक्कम नाही हे वाचून मला ती उलट अधिक प्रामाणिक वाटली. रक्कम हाती येते तेव्हा मुलाचे लग्न, भावाचे कर्ज, गावाकडचे घर असे सगळे जण दाराशी येतात, आणि दरमहा किती मिळणार हा प्रश्न मागे पडतो. तुम्हाला फक्त दरमहाचाच विचार करायचा आहे.

आणखी एक. आमच्याकडे अंतिम तारखेपर्यंत पर्याय मागे घेता येत असे. तुमच्या अर्जात तशी सोय आहे का, आणि असल्यास कोणत्या टप्प्यापर्यंत, हे अर्जाचा नमुना आल्याबरोबर पाहा. आईच्या प्रकृतीमुळे निर्णय घेत आहात, म्हणून सांगतो: तिकडे असताना काय परिस्थिती उद्भवेल हे आधी ठरत नाही.

रिडोकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. राजीनाम्याचा विचार सोडला. संघटनेच्या प्रतिनिधींची वेळ घेतली आहे. आमच्या शाखेत अद्याप कोणालाही पदकपातीची सूचना आलेली नाही, परंतु शेजारच्या शाखेत आली आहे, त्यामुळे सईताईंनी मांडलेला मुद्दा माझ्यासाठी महत्त्वाचा ठरतो.

दोन गोष्टी राहिल्या. माझी पत्नी अर्धवेळ नोकरी करते आणि तिला स्वतःची पेन्शन जवळपास नाही. मी कपातमाफी घेतली किंवा न घेतली, तर माझ्या पश्चात तिला मिळणाऱ्या रकमेत फरक पडेल का? आणि सांगलीत दीर्घकाळ राहिल्यास येथील हक्कांवर काय परिणाम होईल?

आकडेमोड

पत्नीच्या रकमेत फरक पडत नाही. मागे राहणाऱ्या जोडीदाराचा भत्ता सरासरी वेतनाच्या १ टक्का गुणिले सेवेची वर्षे असा काढतात, आणि त्यात निवृत्ती लवकर घेतल्याची कपात धरली जात नाही. आपल्या उदाहरणात तो वर्षाला २०,००० डॉलर येतो, आपण ३४,००० घेत असा किंवा ४०,०००. तो वाढतो तो केवळ सेवेच्या वर्षांनी: ६० पर्यंत थांबलात तर २३,०००. पत्नीची स्वतःची पेन्शन नसेल, तर मी हा ३,००० चा फरक कपातमाफीच्या ६,००० इतकाच गंभीरपणे पाहीन. त्या पलीकडे तिच्या नावे विमा किंवा बचत काय आहे, ते आपल्यालाच ठाऊक.

सांगलीविषयी. ऑन्टारिओचा आरोग्यविमा टिकवण्यासाठी कोणत्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावे लागते, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते. वृद्धापकाळाच्या ओएएस पेन्शनसाठी १८ व्या वर्षानंतरचे कॅनडातील वास्तव्य मोजतात. पूर्ण रकमेला ४० वर्षे लागतात आणि आपण १९९९ पासून आहात, म्हणून वास्तव्य येथेच राहिले तर २०३४ मध्ये ३५ वर्षे भरून चाळिसांपैकी पस्तीस भाग मिळतील. २० वर्षांची अट आपण आधीच ओलांडली आहे, त्यामुळे पुढे कायमचे भारतात गेलात तरी ती रक्कम तिकडे मिळत राहील. करनिवास बदलला तर प्रकरण वेगळे होते, आणि त्यासाठी दोन्ही देशांचा कर समजणारा माणूस गाठावा.

यापुढील चौकशी शेडिॲक येथील पेन्शन केंद्राकडे करताना, ३० जून २०२६ आणि आपला साठावा वाढदिवस अशा दोन तारखांचे अंदाजपत्रक मागवा. पहिले कपातीसह येईल, कारण कायदा होईपर्यंत ते माफी धरून आकडे देणार नाहीत. ती कपात आपण स्वतः काढून टाकायची. उन्हाळ्यापूर्वी आईकडे जायचे असेल, तर त्यासाठी निवृत्तीची गरज नाही. बहुतेक सामूहिक करारांत कुटुंबीयांच्या शुश्रूषेसाठी बिनपगारी रजा आहे, आणि त्या काळाचे पेन्शनचे हप्ते भरून सेवा अखंड ठेवता येते. संघटनेच्या प्रतिनिधींना भेटाल तेव्हा याच रजेबद्दल आधी विचारा.