ग्रँड फायनलमधील ६० गुणांच्या पराभवाचा दोष तरुण खेळाडूंवर ढकलणे योग्य आहे का?

प्रश्न – लालपांढरी मफलर (सिडनी)

सर्वांना नमस्कार.

शनिवारी, २८ सप्टेंबर २०२४ रोजी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या (एएफएल) ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ब्रिस्बेन लायन्सने आपल्या सिडनी स्वान्सचा १२० विरुद्ध ६० असा पराभव केला. माझ्या १२ वर्षांच्या मुलीला घेऊन मी खास विमानाने त्या सामन्याला गेलो होतो. पहिल्या क्वार्टरमध्ये लढत बरोबरीची वाटत होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मात्र लायन्सचे गोलमागून गोल होत गेले आणि मध्यंतरालाच निकाल काय लागणार हे सर्वांना कळून चुकले. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस आमच्या रांगेतील लाल-पांढऱ्या मफलरी एकेक करून उठून जाऊ लागल्या. मुलीने मात्र शेवटचा सायरन होईपर्यंत हलायला नकार दिला. मफलरीच्या झालरीचा एकेक दोरा ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. एरॉल गुल्डन तिचा सर्वांत आवडता खेळाडू. तो मान खाली घालून मैदानाबाहेर पडला, तोवर ती एक शब्दही बोलली नाही.

परत आल्यापासून आमच्या मराठी मित्रमंडळात एकच सूर लागलेला आहे: ही पोरे साखळी सामन्यांत चमकतात आणि मोठ्या सामन्यात कच खातात, तेव्हा ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या निवडीतील, आपले क्रमांक देऊन टाकावेत आणि तयार, अनुभवी खेळाडू आणावेत. काहींनी तर गुल्डन, चॅड वॉर्नर आणि लोगन मॅकडॉनल्ड यांची नावे घेऊन अत्यंत कठोर शब्द वापरले. मला हे पटत नाही, पण माझा विरोध निव्वळ भावनेपोटी आहे की त्याला काही आधार आहे, हे मला तपासून पाहायचे आहे. साखळीत १७ सामने जिंकून अव्वल राहिलेला संघ अंतिम सामन्यात इतका का कोसळला? आणि पुढील हंगामात तरुणांवरच भिस्त ठेवावी की अनुभव विकत घ्यावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

उत्तर – पंचाहत्तर ऑक्टोबर (सिडनी)

आपण मुलीला घेऊन गेलात आणि शेवटपर्यंत थांबलात, याबद्दल प्रथम आपले कौतुक करतो. मी १९९६ पासून हा संघ पाहत आलो आहे. त्या वर्षीचा नॉर्थ मेलबर्नविरुद्धचा पराभव पाहिला, २००५ मध्ये वेस्ट कोस्टला अवघ्या ४ गुणांनी हरवून ७२ वर्षांचा वनवास संपला तो दिवस पाहिला, आणि २०१२ चे विजेतेपदही पाहिले. त्यानंतरचा हिशेब मात्र जिव्हारी लागणारा आहे. २०१४ मध्ये हॉथॉर्नकडून ६३ गुणांनी, २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जकडून २२ गुणांनी, २०२२ मध्ये जिलाँगकडून ८१ गुणांनी आणि आता ब्रिस्बेनकडून ६० गुणांनी, अशा सलग चार ग्रँड फायनल आपण हरलो आहोत.

या चारही पराभवांत मैदानावर कोण होते, ते आठवून पाहा. डेन रॅम्पी आणि जेक लॉइड चारही वेळा खेळले. हा त्यांच्यावर आरोप नाही. दोघांनी या क्लबसाठी जीव ओतला आहे आणि त्यांच्या गळ्यात पदक नाही याचे मला मनापासून दुःख आहे. माझा मुद्दा एवढाच की २०१४ मध्ये गुल्डन १२ वर्षांचा होता आणि वॉर्नर १३ वर्षांचा. जो पराभव त्यांच्या आधीपासून चालत आला आहे, त्याचे खापर त्यांच्या माथी कसे फोडता येईल?

माझ्या मते खरी चूक संघनिवडीची आहे, आणि एकच चूक दोनदा झाली याचे वाईट वाटते. २०२२ मध्ये सॅम रीड जांघेच्या दुखापतीतून पूर्ण सावरलेला नसताना त्याला उतरवले आणि त्याला सामना पूर्ण करता आला नाही. यंदा मॅकडॉनल्डचा घोटा दुखावलेला असताना त्याला खेळवले आणि त्यालाही मध्येच बाहेर काढावे लागले. उलट ब्रिस्बेनने काय केले ते पाहा. त्यांचा मुख्य रकमन (खेळ सुरू होताना उंच उडी घेऊन चेंडू आपल्या बाजूला टोलवणारा खेळाडू) ऑस्कर मॅकइनर्नी याचा खांदा उपांत्य सामन्यात निखळला, तेव्हा कोणताही जुगार न खेळता त्यांनी डार्सी फोर्टला घेतले, जो धडधाकट होता आणि नेमून दिलेले काम चोख करणारा होता. आपला कर्णधार कॅलम मिल्स मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे बाहेर होता, तेव्हा त्याला न खेळवण्याचा शहाणपणा आपण दाखवला. तोच मॅकडॉनल्डच्या बाबतीत का दाखवला नाही? २२ वर्षांच्या मुलाला विचारले की खेळशील का, तर तो हो म्हणणारच. नाही म्हणण्याची जबाबदारी थोरांची असते.

---

उत्तर – मधला वर्तुळ (वोलोंगॉन्ग)

वरील उत्तरातील कळकळीचा मला आदर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही.

दुखापतीचाच मुद्दा घ्यायचा, तर ब्रिस्बेनचा लॅकी नील तळपायाच्या दुखापतीसह खेळला आणि तरीही मैदानावरील उत्तम खेळाडूंत त्याची गणना झाली. म्हणजे दुखावलेल्या खेळाडूला उतरवणे ही प्रत्येक वेळी चूक ठरतेच असे नाही. आणि मॅकडॉनल्ड पूर्ण तंदुरुस्त असता तर त्याने ६० गुणांचे अंतर भरून काढले असते काय? एक गोल सहा गुणांचा. दहा गोलांची तफावत एका फॉरवर्डच्या घोट्यामुळे पडत नाही.

सामना मधल्या पट्ट्यात हरला, आणि तिथे आपली सर्वांत नावाजलेली मंडळी होती. ब्रिस्बेनचा खेळ अचूक किक आणि सुटे मार्क यांवर उभा आहे: चेंडू हवेतून मोकळ्या सहकाऱ्याकडे द्यायचा, त्याने तो झेलायचा, थांबायचे, पुन्हा मोकळा माणूस शोधायचा. आपला खेळ याच्या अगदी उलट, चेंडू हिसकावून वाऱ्याच्या वेगाने पुढे नेण्याचा. समोरचा संघ चेंडू जमिनीवर पडूच देत नसेल, तर हिसकावणार काय? अशा वेळी एकच उपाय उरतो: चेंडू आपल्याकडे नसतानाही प्रत्येकाने आपापल्या माणसामागे उलट्या दिशेने धावायचे आणि त्याला मोकळे राहू द्यायचे नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तसे धावणारे फार थोडे दिसले. मी सामन्याचे चित्रण पुन्हा पाहिले. एका प्रसंगी लायन्सचे तिघे आपल्या बचावफळीसमोर मोकळे उभे आहेत आणि आपले मिडफिल्डर मध्यवर्तुळाच्या पलीकडून चालत येत आहेत. चालत. ते दृश्य मी तीनदा थांबवून पाहिले आणि तीनही वेळा मन विषण्ण झाले.

या सामन्यावेळी गुल्डन २२ वर्षांचा होता, वॉर्नर २३ वर्षांचा. गुल्डनने २०२३ मध्ये क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान, म्हणजे बॉब स्किल्टन पदक, पटकावले आहे. २०२२ च्या त्या मानहानीत आपल्या बाजूने उठून दिसला तो वॉर्नरच. ज्यांना आपण संघाचा कणा म्हणतो, त्यांना पराभवाच्या दिवशी पोरे म्हणून पाठीशी घालणे हा त्यांचाच अपमान आहे. आयझॅक हीनी तेव्हा २८ वर्षांचा होता, त्यालाही हेच लागू. बाहेरून कोणी आणायचाच असेल तर तो मिडफिल्डमध्ये नको. बचावफळीच्या ऐन मध्यावर उंच, दणकट खेळाडू हवा.

---

उत्तर – शनिवारची पाण्याची बाटली (मेलबर्न)

मी चाहती दहा वर्षांपासून आहे, आणि गेली चार वर्षे आमच्या उपनगरातील १४ वर्षांखालील संघाची स्वयंसेवक म्हणून पाणी, पट्ट्या आणि नोंदवही सांभाळते. त्यामुळे तरुण खेळाडूंचा प्रश्न मला थोडा जवळून दिसतो.

या सामन्याने तरुण मोठ्या दिवशी कच खातात हे सिद्ध केले असे ज्यांना वाटते, त्यांनी समोरच्या संघाकडे पाहावे. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक विल ॲशक्रॉफ्टला मिळाले, आणि तो तेव्हा २० वर्षांचा होता. जुलै २०२३ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, त्यामुळे त्या वर्षीची ग्रँड फायनल, जी कॉलिंगवुडने ४ गुणांनी जिंकली, ती त्याला बाहेर बसून पाहावी लागली. जवळपास वर्षभराने तो परतला आणि काही आठवड्यांत हा सामना खेळला. लोगन मॉरिस तर अवघ्या १९ वर्षांचा, गेल्याच ड्राफ्टमधून आलेला, आणि पहिल्याच हंगामात ग्रँड फायनलला उतरलेला. काई लोमनने चार गोल केले, तोही विशीतलाच. तेव्हा हा विजय तरुणांनीच मिळवून दिला, फक्त ते आपले नव्हते.

मग फरक कशात होता? माझ्या मते, त्यांच्या आजूबाजूला कोण होते यात. ॲशक्रॉफ्टच्या एका बाजूला नील होता आणि दुसऱ्या बाजूला डेन झोर्को, जो ३५ व्या वर्षी पहिल्या विजेतेपदासाठी झुंजत होता. या संघाने हंगामातील पहिले तिन्ही सामने गमावले होते, गुडघ्याच्या दुखापतींनी अनेक खेळाडू घालवले होते, साखळीत पाचवे स्थान मिळवले होते आणि पश्चिम सिडनीच्या जायंट्स संघाविरुद्ध ४४ गुणांनी मागे पडूनही सामना खेचून आणला होता. अशा वर्षात तरुण खेळाडू एक गोष्ट शिकतो: मागे पडलो म्हणजे सामना संपला असे नाही. आपणही यंदा अनेकदा मागून येऊन जिंकलो, हे खरे. पण त्यामुळे सुरुवात ढिली झाली तरी चालते, नंतर भरून काढू, अशी सवय तर लागली नाही ना, अशी शंका मला हंगामभर येत होती.

आता ड्राफ्टविषयी. ड्राफ्ट उलट्या क्रमाने चालतो. तळाचा संघ आधी निवडतो आणि वरचा संघ अगदी शेवटी. त्यामुळे सतत वर राहणाऱ्या स्वान्सला १८ वर्षांचे सर्वांत गुणी मूल साधारणपणे मिळत नाही. ही कसर क्लबची अकादमी भरून काढते, कारण तिथे घडलेल्या मुलावर दुसऱ्या क्लबने बोली लावली तर ती फेडून त्याला घेण्याचा पहिला हक्क आपला असतो. हीनी तसा १८ व्या क्रमांकावर मिळाला, आणि मरूब्राच्या मैदानांवर वाढलेला गुल्डन चक्क ३२ व्या क्रमांकावर. वॉर्नर अकादमीतला नाही, पण तोही ३९ व्या क्रमांकावर मिळालेला. असे असताना पुढचे क्रमांक विकून तिशी गाठलेला खेळाडू आणणे म्हणजे बियाणे विकून धान्य आणण्यासारखे आहे.

वरच्या उत्तरातील बचावफळीचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु ‘चालत’ या शब्दाबद्दल थोडे सांगावेसे वाटते. आमच्या संघातील एक मुलगा गेल्या वर्षी सामन्यात असाच चालताना दिसला आणि कुंपणापलीकडून पालकांनी त्याला बरेच काही ऐकवले. क्वार्टर संपल्यावर मी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्याच्या हाताला ती धरवत नव्हती; त्याच्या पोटरीत गोळे आले होते आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. गुल्डन-वॉर्नर यांच्याबाबत तसेच झाले असा माझा दावा नाही. पडद्यावर पाय दिसतात, त्यांत काय चालले आहे ते दिसत नाही, इतकेच.

---

उत्तर – मधला वर्तुळ (वोलोंगॉन्ग)

आपला शेवटचा मुद्दा मी मान्य करतो. ‘चालत’ या शब्दावरून मी त्यांच्या वृत्तीबद्दल निष्कर्ष काढला, तो घाईचा होता. मात्र धावण्याची उणीव होती, हे माझे निरीक्षण कायम आहे, आणि ती का होती याचे उत्तर प्रशिक्षकांनी द्यायला हवे. दोन वर्षांच्या अंतराने दोन ग्रँड फायनल हरताना आपण दोन्ही वेळा मध्यंतरापूर्वीच सामना सोडून दिलेला दिसतो. डाव उलटू लागला की तो थोपवायचा कसा, चेंडू पाच मिनिटे नुसता स्वतःकडे राखून समोरच्यांची लय कशी मोडायची, याची तयारी आपल्याकडे दिसत नाही. हे कौशल्य वयाने येत नाही, सरावाने येते.

---

मूळ प्रश्नकर्ता – लालपांढरी मफलर (सिडनी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्रमंडळाला काय उत्तर द्यायचे ते आता मला माहीत आहे: रीड आणि मॅकडॉनल्ड, रॅम्पी आणि लॉइड यांचे चार सामने, आणि ॲशक्रॉफ्टचे वय. तरुणांना दोषमुक्त करण्याचा माझा आग्रह नाही. दोष वाटायचाच असेल तर तो सर्वांना सारखा वाटला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक प्रश्न मुलीच्या वतीने विचारतो. तिने काल रात्री ही सर्व उत्तरे माझ्याकडून वाचून घेतली आणि अकादमीचा उल्लेख येताच मला थांबवले. तिला स्वान्सच्या अकादमीत जायचे आहे. आम्ही वेस्टमीडला राहतो, आणि मला जे समजले त्यानुसार पश्चिम सिडनीतील मुले जायंट्सच्या अकादमीकडे जातात. हे तिला अजून सांगितलेले नाही. मुलींच्या बाबतीत नियम वेगळा आहे काय, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. सध्या ती मागच्या अंगणात डाव्या पायाने किक मारण्याचा सराव करते आहे, कारण गुल्डन डावखुरा आहे.

---

उत्तर – शनिवारची पाण्याची बाटली (मेलबर्न)

अकादमीची चौकशी मी आमच्या क्लबमधील जाणत्या व्यक्तीकडे करते आणि आठवड्याभरात येथेच लिहिते. तोपर्यंत तिला दोन्ही पायांनी किक मारायला सांगावे. डाव्या पायाने वीस, उजव्या पायाने वीस, आणि चेंडू सोडताना तो उभा धरून, टोकावर पायाचा चवडा लागेल असा सोडायचा. आडवा सुटला की तो हवेत डगमगतो आणि झेलणाऱ्याला त्रास होतो. तिची उंची आणि सध्याच्या चेंडूचा आकार कळवल्यास कोणता चेंडू घ्यावा तेही सांगेन. या वयात मोठ्यांचा चेंडू वापरल्यास घोट्यावर ताण येतो.