छोट्या गाडीत हवा 33 ठेवावी की 40?

चाकरमानी: मंडळी, माझी छोटी पेट्रोल गाडी आहे. दाराजवळच्या स्टिकरवर पुढे-मागे 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). पंक्चरवाल्याने 40 भरली, म्हणाला, "अ‍ॅव्हरेज वाढतं." स्टिअरिंग हलकं झालंय खरं, पण पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उडते. गणपतीला कशेडी घाटावरून गावी जायचंय. राहू द्यावी का?

टायरवाला_कोल्हापूर: भावा, आधी हिशोब बघ. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यानं चारही टायरांत सरासरी 1 पीएसआय कमी झाली तर अ‍ॅव्हरेज साधारण 0.2 टक्के घटतं. हे हवा कमी असतानाचं. पण उलटं धरलं तरी 7 पीएसआयला दीड टक्काही भरत नाही. महिन्याला 1000 किलोमीटर, 20 चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे 50 लिटर. त्यात वाचलं पाऊण लिटरच्या आत. तेवढ्यासाठी पावसाच्या घाटात ब्रेक कशाला घालवतोस? जादा हवेनं टायर मधे फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत. दुकानात येतात की असले टायर, मधून सफाचट आणि कडेला कोरे.

कमी हवा त्याहून वाईट. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते-सुटते, ताकद तापण्यात जाते, पेट्रोल तिथंच जळतं. वळणावर गाडी उशिरा ऐकते ते वेगळंच. आणि टायरवर कोरलेला कमाल आकडा बघून हवा भरू नये, ती टायरची मर्यादा आहे, तुझ्या गाडीचं माप नव्हे.

नागपूरकर: दादा, आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45. गाडी चालवून मोजली तर 33 ची 37 दिसते. काढून टाकू का थोडी?

टायरवाला_कोल्हापूर: अजिबात नको. 33 हा गार टायरचा आकडा. टायर साडेपाच अंश तापला की साधारण 1 पीएसआय चढतेच, कंपनीनं ते धरलेलं असतं. गरम असताना काढलीस तर गार झाल्यावर 29 उरेल, मग टायर आणखी तापणार. उन्हाळ्यात हायवेवर फुटतात त्यातले बरेच असेच. हवेऐवजी नायट्रोजन भरू का, हे विचारायच्या आधीच सांगतो, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

चाकरमानी: पटलं. पण चौघं आणि डिकीभर सामान असेल तर?

टायरवाला_कोल्हापूर: स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा आहे का बघ, बहुधा मागच्या टायरांना जास्त असतो. नसेल तर 33 च. सकाळी गाडी हलवायच्या आत मोज, आणि स्टेपनी पण बघ.