झोपडी गेली, पुढे काय?
परदेशी गेलं की बायका आपोआप मोकळ्या होतात, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. १९८४ आणि १९९१ च्या विमानमोहिमांतून इस्रायलला आलेल्या इथिओपियन ज्यू बायकांचंच बघा. गावी पाळीत त्या वस्तीबाहेरच्या झोपडीत राहायच्या. बाळंतपणात मुलगा झाला तर ४० दिवस, मुलगी झाली तर ८०. फ्लॅटमध्ये झोपडी कुठून आणणार? काहींनी घरातच वेगळी खोली धरली, कित्येकींनी हळूहळू पाळणंच सोडलं. पण त्या झोपडीत कामातून सुटका होती, इतर बायकांची सोबत होती. तीही गेली, हे कुणी बोलत नाही! पगार बाईच्या हातात आला, शेती सुटलेल्या नवऱ्याचा शब्द घरात चालेना. काही जणींचा त्या भांडणांत जीव गेला. २०२० मध्ये याच समाजातल्या प्निना तमानो-शाता इस्रायलच्या मंत्री झाल्या, आनंदच आहे. पण साफसफाईची कामं करून मुली शिकवणाऱ्या बायकांबद्दलही लिहा ना कुणीतरी.