रिडबर्ग स्थिरांक: जांभळ्या रेषेवरून किंमत कमी का येते, आणि बोरने नक्की काय गृहीत धरलं होतं?

होटगी_रोड
नमस्कार. बीएस्सी दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे, हायड्रोजनच्या वर्णपटावरून रिडबर्ग स्थिरांक (आर) काढायचा. सूत्र: १ भागिले तरंगलांबी = आर × (१/४ − १/एन²); एन म्हणजे इलेक्ट्रॉन ज्या पातळीवरून २ क्रमांकाच्या पातळीवर उतरतो तिचा क्रमांक. ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी) इंचाला १५,००० रेषांचं, स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट (वाचता येणारा सर्वांत लहान कोन) १′. पहिल्या ऑर्डरमध्ये तीन रेषा मिळाल्या. थीटा (रेषा थेट दिशेपासून वळते तो कोन): लाल २२°४७′, निळसर हिरवी १६°४१′, जांभळी १४°५२′. तक्त्यात लाल, निळसर हिरवी, निळी, जांभळी असा क्रम आहे. निळी दिसली नाही, म्हणून एन अनुक्रमे ३, ४ आणि ६ धरला. आर आला १.०९८, १.०९७ आणि १.०३६ कोटी प्रतिमीटर. तिसरीच किंमत का बिघडते?

दुसरं, बोरच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, विद्युतभार, एच (प्लांकचा स्थिरांक) वगैरे स्थिरांक घालून आर काढताना कॅल्क्युलेटर ‘मॅथ एरर’ दाखवतो. तिसरं व्हायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी): कोनीय संवेग एच भागिले २ पायच्या पटीत असतो, हे बोरने सुरुवातीलाच गृहीत धरलं होतं का? पुस्तकात तसंच मांडलंय.

जुळे_सोलापूर
तुमची जांभळी रेषा ६ची नाही, ५ची आहे. इंचाला १५,००० म्हणजे ग्रेटिंगच्या दोन रेषांमध्ये १६९३.३ नॅनोमीटर. त्याला साइन १४°५२′ने गुणा, ४३४.४ येतात. बामर मालिकेत (हायड्रोजनच्या या दृश्य रेषांच्या मालिकेत) ४३४.० ही ५वरून २वर येण्याची रेषा. ६ची रेषा ४१०.२ला असते, म्हणजे तुमच्या ग्रेटिंगवर १४°१′च्या आसपास. एन ५ धरला की आर १.०९६ येतो. तक्त्यातली ‘निळी’ बहुतेकांच्या डोळ्याला जांभळीच दिसते. रंगावरून एन ठरवूच नका. आधी तरंगलांबी, मग एन.

४८६च्या रेषेला ३ लावला तर १.४८ कोटी येतात, लाल रेषेला ४ लावला तर ०.८१ कोटी. अशी चूक लगेच डोळ्यांत भरते. ५ आणि ६च्या गोंधळात फरक जेमतेम साडेपाच टक्के, आणि तो ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून जर्नलमध्ये खपून जातो. तिन्हींची सरासरी काढली की १.०७७ मिळतात आणि कारणच दडपलं जातं. म्हणून प्रत्येक रेषेचा आर वेगळा लिहा.

४१०ची रेषा बघायची तर खोलीत खरा अंधार हवा. ती मुळात फिकी, त्यात त्या रंगाला डोळा मंद. आपल्याकडे मार्चपासून दुपारी खिडकीच्या फटीतून येणारं ऊनही तिला पुसून टाकतं. खिडकीला सोलापुरी चादर दुहेरी करून लावा, पातळ पडदा पुरत नाही. दहा मिनिटं डोळे सरावू द्या. स्लिट जरा रुंद करून रेषा शोधा, सापडली की पुन्हा बारीक करा. हायड्रोजनच्या नळीचा मधला बारीक भाग स्लिटच्या अगदी समोर हवा. तो हलवताना ट्रान्सफॉर्मर बंदच, तिथे हजारो व्होल्ट असतात.

नळी सलग चालू ठेवू नका. क्रॉसवायर बसवताना चालू, व्हर्नियर वाचताना बंद. प्रकाश गुलाबी-लाल न राहता पांढरट दिसू लागला, तर हायड्रोजनच्या रेणूच्या आणि अशुद्ध वायूंच्या रेषांची गर्दी होते आणि भलतीच रेषा मोजली जाते.

डाव्या-उजव्या थीटात ४-५ मिनिटांहून जास्त फरक पडला, तर प्रकाश ग्रेटिंगवर लंब पडत नाहीये. दुर्बीण थेट प्रतिमेपासून ९०° वळवा, टेबल फिरवून परावर्तित स्लिट क्रॉसवायरवर आणा, मग टेबल बरोबर ४५° फिरवा.

केगाव
कॅल्क्युलेटरचं: एचचा घन येतो २.९१ गुणिले १०चा उणे १०० वा घात. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची मर्यादा उणे ९९. त्यापुढे तो शून्य धरतो, आणि शून्याने भागलं की मॅथ एरर. आकडे आणि घात वेगळे ठेवा. वर वस्तुमान गुणिले विद्युतभाराचा चौथा घात: ९.१०९ × ६.५८६ = ५९.९९, घात उणे ३१ आणि उणे ७६. खाली ८ × एप्सिलॉन-शून्याचा (निर्वाताच्या विद्युत स्थिरांकाचा) वर्ग ७८.३९ × एचचा घन २९०.९ × सी (प्रकाशाचा वेग) २.९९८ = सुमारे ५,४६,९०० आणि घात उणे २४, उणे १०२, अधिक ८. भागाकार १.०९७ कोटी.

कंबर_तलाव
व्हायवाच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्याचा मुख्य आधार तो नव्हता.

१९१२मध्ये बोर मँचेस्टरला रदरफोर्डकडे होता. रदरफोर्डच्या अणूची (मध्ये केंद्रक, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन) अडचण अशी की, फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने प्रकाश टाकत टाकत केंद्रकात कोसळायला हवं. १९१३च्या सुरुवातीला वर्णपटतज्ज्ञ हान्सेनने त्याचं लक्ष बामरच्या सूत्राकडे वेधलं आणि त्याच वर्षी जुलैत पहिला निबंध आला. त्यातली पायाभूत गृहीतकं दोन. अणूच्या काही स्थिर अवस्था असतात, त्यांत प्रकाश बाहेर पडत नाही. आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना ऊर्जेतला फरक म्हणजे एच गुणिले प्रकाशाची वारंवारता. त्या काळी पचायला जड होतं ते हे दुसरं, कारण त्यात प्रकाशाची वारंवारता इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांच्या वारंवारतेशी जुळत नाही.

अवस्था निवडायला त्याने ऊर्जा = एन गुणिले एच गुणिले फेऱ्यांची वारंवारता, भागिले २ हा संबंध घेतला. एन खूप मोठा झाला की दोन्ही वारंवारता जुळायलाच हव्यात, या अटीने तो तपासला. कोनीय संवेग एच भागिले २ पायच्या पटीत येतो, हे त्याच निबंधात त्यातून निघणारी गोष्ट म्हणून येतं. पुस्तकं सोय म्हणून तिथूनच सुरुवात करतात. ‘कक्षेत पूर्ण तरंग बसले पाहिजेत’ हे तर भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉयचं, १९२३-२४चं. ते बोरच्या नावावर सांगू नका, परीक्षक तिथेच पकडतात.

माझ्या मते बोरचं मोठेपण कक्षांच्या चित्रात नाही. आर हा तोवर मोजून मिळालेला नुसता आकडा होता. बोरने तो इलेक्ट्रॉनचा भार, वस्तुमान आणि एच यांतून काढून दाखवला. त्या वेळच्या किमती घालून त्याला वारंवारतेच्या रूपातला आर (आर गुणिले प्रकाशाचा वेग) सेकंदाला ३.१ गुणिले १०चा १५ वा घात मिळाला, मोजलेला होता ३.२९. स्थिरांकच तेव्हा तितके कच्चे होते.

खरी कसोटी पुढे लागली. झीटा पपिस ताऱ्यात खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला सापडलेल्या आणि वर्णपटतज्ज्ञ फाउलरने १९१२मध्ये प्रयोगशाळेत पाहिलेल्या काही रेषा हायड्रोजनच्या मानल्या जात. बोर म्हणाला, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या, तिथे आर चौपट. फाउलरने हरकत घेतली: गुणोत्तर ४ नाही, ४.००१६ येतं. बोरचं उत्तर असं की केंद्रकही किंचित हलतं. हायड्रोजनचं केंद्रक इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, हेलियमचं सुमारे ७२९४ पट. तेवढी दुरुस्ती केली की गुणोत्तर ४.००१६३. चौथ्या दशांशापर्यंत जुळणारा सिद्धांत बाजूला सारणं मग कुणालाच सोपं नव्हतं. साध्या हेलियम अणूपाशी मात्र तो अडला, हेही व्हायवात सांगा.

होटगी_रोड
आभारी आहे. केंद्रक हलण्याची ही दुरुस्ती आमच्या रीडिंगमध्ये दिसेल का?

जुळे_सोलापूर
नाही. हायड्रोजनसाठी ती ०.०५४ टक्के आहे. लाल रेषेच्या थीटात १′ची चूक म्हणजे ०.४५ नॅनोमीटर, साधारण ०.०७ टक्के. शिवाय हवेतली तरंगलांबी निर्वातातल्यापेक्षा ०.०२८ टक्के कमी असते. १९३१मध्ये रसायनशास्त्रज्ञ युरी आणि सहकाऱ्यांनी याच दुरुस्तीच्या आधारे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) ओळखला. त्याची लाल रेषा हायड्रोजनच्या रेषेपासून ०.१८ नॅनोमीटरवर, तुमच्या ग्रेटिंगवर जेमतेम ०.४′. त्यामुळे जर्नलमध्ये आर तीन दशांशांपर्यंतच लिहा.