पीटीएसडी: श्वासावर ध्यान केलं की त्रास वाढतो, असं का?

प्रश्न
रस्ता अपघातानंतर पीटीएसडीचं (आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार) निदान झालंय, गोळ्या सुरू आहेत. सोबत माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचं ध्यान, करायला सांगितलंय. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की दोन मिनिटांत छाती धडधडते, अपघात जसाच्या तसा समोर येतो. नेटाने रेटायचं का? की इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करावं?

प्रतिसाद १
रेटू नका. पीटीएसडीत जोराचा श्वास आणि धडधड याच मेंदूसाठी धोक्याच्या खुणा झालेल्या असतात. तुम्ही नेमकं त्यांच्याकडेच बघत बसता. त्यात डोळे मिटले की 'आत्ता मी घरात आहे' हे सांगणारं समोर काहीच उरत नाही.

पाठ भिंतीला, दार दिसेल अशी खुर्ची. डोळे उघडे, नजर जमिनीवर. लक्ष तळपायांवर किंवा पंख्याच्या आवाजावर. फक्त 3 मिनिटं, दिवसातून दोनदा. आठवडाभर सोसलं तर 5. ताणाला 0 ते 10 आकडा द्या. 6 च्या पुढे गेला की थांबा, उभे राहा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. बसणं जमतच नसेल तर सावकाश चालत पावलांवर लक्ष ठेवा, तेही ध्यानच आहे.

उलटी गडबडही होते. अंग बधिर पडतं, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात आणि माणूस म्हणतो, 'छान शांत वाटलं.' ती शांती नव्हे, मन तुटून बाजूला गेलेलं असतं. तेव्हाही थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

प्रतिसाद २
अपेक्षा किती ठेवायची, तेही बघा. 2015 साली मिनियापोलिसमध्ये 116 माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम, दुसऱ्याला सध्याच्या अडचणींवर बोलणारी गटचिकित्सा. पहिल्या गटाने स्वतः नोंदवलेली लक्षणं जास्त कमी झाली, पण निदानातूनच बाहेर पडणाऱ्यांच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. अमेरिकी सैन्य व माजी सैनिक विभागाच्या 2023 च्या मार्गदर्शिकेतही आघाताच्या आठवणींवर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांना ठाम शिफारस आहे, माइंडफुलनेसला सौम्य. म्हणून डॉक्टरांना विचारा: 'ईएमडीआर किंवा आघातावर केंद्रित सीबीटी करणारं कुणी आहे का?' ईएमडीआर म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करणारी पद्धत, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी चिकित्सा. ध्यान त्याच्या जोडीला ठेवा.

प्रतिसाद ३
इगतपुरीचं आत्ता नको. रोज दहाएक तास बैठक, दहातले बहुतेक दिवस मौन, सुरुवातच श्वासापासून. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर करू नये, असं तिथल्या नियमावलीतही सुचवलंय. शिबिरासाठी गोळ्या बंद करणं तर मुळीच नको, अचानक थांबवल्या तर चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता उसळते.

प्रश्नकर्ता
आणि रात्री दचकून जाग आली तर?

प्रतिसाद १
तेव्हा ध्यान नाही. दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा, आजची तारीख आणि आपण कुठे आहोत ते मोठ्याने म्हणा, गार पाण्याने तोंड धुवा. जीव नकोसा वाटला तर 14416 वर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, रात्रीही आणि मराठीतही.