हेपरिन म्हातारं झालं म्हणून मोडीत काढायचं?

मुक्तछंद
वॉर्डांमध्ये आजही रक्त गोठू न देणारं हेपरिन चालू आहे हे बघून राग येतो. १९१६चा शोध. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं मिश्रण, प्रत्येक रुग्णात परिणाम वेगळा, म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी एपीटीटी चाचणी सारखी करत बसायचं. गुठळ्या रोखणाऱ्या अ‍ॅपिक्सॅबन, रिव्हरॉक्सॅबनसारख्या नव्या गोळ्या असताना हे कशाला? संशोधनातही त्याचं काम रक्ताचा नमुना घ्यायच्या नळीला आतून लावण्यापुरतंच उरलंय. इतिहासजमा करा.

चाफा
मी औषधशास्त्र शिकवते. शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मिश्रण आहे, खरंय. शर्करांच्या साखळ्या लहानमोठ्या असतात आणि रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला (गोठणं रोखणारं प्रथिन) पकडणारा पाच शर्करांचा क्रम जेमतेम एक तृतीयांश साखळ्यांत सापडतो. पण तो बसला की अँटिथ्रॉम्बिनचा आकार बदलतो आणि काम हजारपटीच्या आसपास वेगाने होतं. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी टेन-ए अडवायला तेवढं पुरतं. थ्रॉम्बिन हा दुसरा घटक अडवायचा तर साखळीने दोघांनाही एकदम धरायला हवं, त्यासाठी किमान १८ शर्करांची लांबी लागते. एनॉक्सापॅरिन म्हणजे तुकडे केलेलं हेपरिन, त्याच्या बऱ्याच साखळ्या त्याहून आखूड, म्हणून त्याचा भर टेन-एवर. फोंडापॅरिनक्स म्हणजे तर त्या नुसत्या पाच शर्करा, कारखान्यात जोडलेल्या. म्हणजे तुम्हाला हवं तसं 'शुद्ध' औषध आहे. तरी हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त पंपातून फिरवताना कोणी ते वापरत नाही, कारण त्याचा परिणाम उतरवता येत नाही. साधं हेपरिन तास-दीड तासात निम्म्यावर येतं आणि प्रोटामाइन हा उतारा दिला की तिथल्या तिथे उतरतं.

गरोदर बाईचं काय? वॉरफरिन या जुन्या गोळीची गर्भाला भीती, नव्या गोळ्या टाळायच्या. हेपरिन वार ओलांडत नाही.

मुक्तछंद
हे सगळं पुस्तकात छान वाटतं. माझ्या आईला शस्त्रक्रियेनंतर हेपरिन लावलं. आठवड्याभराने प्लेटलेट निम्म्याहून खाली. आकडा रिपोर्टवर छापलेला होता, कोणी वाचला नाही. पाय काळानिळा पडला तेव्हा धावपळ सुरू झाली. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधानेच गुठळी केली. तुमच्या १८ शर्करा तिच्या काय कामाच्या?

आणि २००८ आठवा. हेपरिनमध्ये ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा हेपरिनसारखा भासणारा पदार्थ मिसळलेला निघाला. रुग्णांचे रक्तदाब कोसळले, माणसं गेली. तो माल तेव्हाच्या ठरलेल्या चाचण्यांतून पास झाला होता!

चाफा
आईंचं वाचून वाईट वाटलं. त्याला एचआयटी (हेपरिनमुळे प्लेटलेट घटणं) म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असणारच. हेपरिन आणि प्लेटलेटमधलं पीएफ४ हे प्रथिन यांच्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती प्लेटलेटनाच चेतवतात. म्हणून संख्या घटते आणि तरीही रक्त गोठतं. बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात हे दिसतं, म्हणूनच त्या काळात प्लेटलेट मोजायच्या असतात. घसरण दिसताच हेपरिन बंद करून आर्गाट्रोबानसारखं गुठळी रोखणारं दुसरं औषध सुरू करायचं असतं. आकडा न वाचणं हा औषधाचा गुण नव्हे.

२००८ बद्दल तुमचं म्हणणं मान्य करावंच लागेल. जुन्या चाचण्या भेसळीला फसल्या. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर तपासणीने ती उघडी पाडली आणि त्यानंतर मानकं बदलली. माणसं गेल्यावर बदलली, हेही खरंच.

मुक्तछंद
"आकडा न वाचणं हा औषधाचा गुण नव्हे" हे वाक्य तुम्ही माझ्या वडिलांसमोर म्हणून दाखवा. ज्या औषधाला कोणीतरी रोज जागं राहून सांभाळावं लागतं, ते थकलेल्या माणसांच्या वॉर्डात धोकादायकच असतं.

सांजवेळ
मी डायलिसिसची नर्स. दादा, तुमचा राग समजतो. पण आमच्याकडे हेपरिन नसेल तर रक्त फिल्टरमध्येच गोठतं, आणि त्या वेळी रुग्णाचं तेवढं रक्त वाया जातं. हे डोळ्यांनी बघितलंय. गोळीने ते काम होत नाही.

परीक्षानळी
नळीचा विषय निघालाच आहे तर एकदा सगळ्यांनी नीट ऐका. हिरव्या टोपणाची नळी म्हणजे हेपरिन, आणि ती सगळ्याला चालत नाही! पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या चाचणीसाठी, हिरव्या नळीतलं रक्त पाठवतात. हेपरिन त्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवतं, मग "लॅबचा रिपोर्ट चुकला" म्हणून आमच्यावरच ओरडा. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा रक्ताचा स्मिअर (काचेवरचा पातळ थर) हेपरिनमधून केला तर पार्श्वभूमी निळसर येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे लिथियमची गोळी घेणाऱ्याचं रक्त लिथियम हेपरिनच्या नळीत! लिथियम खोटंच वाढलेलं दिसतं. अशा रिपोर्टवर एका माणसाची गोळी बंद करायला निघाले होते, मी फोन करून थांबवलं.

काजवा
लॅबवाल्यांचं हे नेहमीचंच. आमचे संशोधनाचे नमुने टोपणाचा रंग बघून परत पाठवता. हेपरिनेज (हेपरिन तोडणारं एन्झाइम) घालून पीसीआर होतो, करून पाहिलाय.

परीक्षानळी
तुम्हाला एका प्रबंधाचे नमुने करायचे असतात, मला दिवसभराचा ढीग. प्रत्येकात हेपरिनेज घालू? जांभळी नळी वापरायला तुम्हाला काय अडचण आहे ते सांगा.

काजवा
जांभळीत ईडीटीए हे रसायन असतं, ते पेशींना चेतवायला लागणारं कॅल्शियम धरून ठेवतं. मला त्याच रक्तातल्या जिवंत पेशी चेतवून बघायच्या असतात. म्हणून हिरवी. तुम्ही कारण न विचारता नमुना फेकून दिला होता, तो रुग्ण परत रक्त द्यायला येणार नव्हता. आमच्या कामाची किंमत टोपणाच्या रंगावरून ठरवू नका.

परीक्षानळी
फॉर्मवर "पेशींसाठी" एवढं लिहिलं असतं तर फेकला नसता. पेशींसाठी हिरवी चालेल, जाऊ द्या. पीसीआरची मात्र वेगळी जांभळी पाठवा, यावर मी हटणार नाही.

काजवा
पाठवू.

आता मुक्तछंद, "संशोधनात फक्त नळी" याचं उत्तर. हेपरिनवर ऋणभार प्रचंड आणि ते शेकडो प्रथिनांना चिकटतं. तुम्ही ज्याला अशुद्धपणा म्हणता त्याच चिकटपणावर आमचं काम चालतं. हेपरिन लावलेल्या मण्यांच्या कॉलममधून डीएनएला धरणारी प्रथिनं वेगळी करतात. रक्तवाहिन्या वाढवणारं एफजीएफ हे प्रथिन १९८४मध्ये असाच शुद्ध करता आलं. जनुकाचं लेखन मोजताना हेपरिन घातलं की ते आरएनए लिहिणारं मोकळं एन्झाइम (आरएनए पॉलिमरेज) पकडतं, म्हणजे एकाच फेरीचा हिशेब लागतो. करोना विषाणूचा स्पाइक पेशीवरच्या हेपरान सल्फेटला, म्हणजे हेपरिनच्या भाऊबंदाला, धरतो हे २०२०मध्ये दिसलं, तेही याच नात्यातून.

मुक्तछंद
करोनात उगाच सगळ्यांना हेपरिन टोचलं, त्याचं काय?

चाफा
उगाच नाही. २०२१च्या मोठ्या चाचण्यांत जास्त मात्रेचा फायदा दाखल असलेल्या पण अतिगंभीर नसलेल्या रुग्णांना दिसला, अतिगंभीर रुग्णांना नाही दिसला. सरसकट सगळ्यांना देणं चूकच होतं.

मुक्तछंद
ठीक. पंप, डायलिसिस, गरोदरपण आणि तुमचे कॉलम सोडले. पण पायातल्या साध्या गुठळीला आधी हेपरिन कशाला? अ‍ॅपिक्सॅबन पहिल्या दिवसापासून तोंडाने देता येतं. आणि डुकरांवर किती दिवस विसंबणार? २०१८-१९मध्ये चीनमध्ये डुकरांना आफ्रिकन स्वाइन फीवर झाला तेव्हा जगभर हेपरिनच्या पुरवठ्याची काळजी लागली होती.

चाफा
साध्या गुठळीचं मान्य. मूत्रपिंड धड असेल आणि रुग्ण गोळी गिळू शकत असेल तर मीही तेच शिकवते. पुरवठ्याचंही बरोबर आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या के५ जातीकडून हेपरोसान (हेपरिनचा कच्चा सांगाडा) करवून त्यावर एन्झाइमने सल्फेट चढवण्याचं काम चालू आहे. ते हाती येईपर्यंत डुकराचं हेपरिन काढून टाका म्हणणं मला पटत नाही आणि पटणारही नाही.

मुक्तछंद
मला तुमचं पटत नाही. निदान एवढं करा, हेपरिन कधी सुरू केलं ती तारीख केसपेपरवर पहिल्या पानावर ठळक लिहा.

सांजवेळ
तारीख आणि सुरुवातीच्या प्लेटलेट, दोन्ही. आमच्या कक्षातल्या प्रत्येक फाइलवर आहेत. वॉर्डातल्या नर्सना मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगते, पण लिहायचं सक्तीचं करणं डॉक्टरांच्या हातात आहे. चाफाताई, तुम्ही त्यांना शिकवता ना, तुम्हीच सांगा.

चाफा
सांगते. पुढच्याच तासाला.